विरोध करणारा जोडीदार

पारंपरिक युद्धकला शिकलेल्या माणसाला खऱ्या हल्ल्यातून स्वतःला वाचवता येते का? या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात. क्लासच्या फलकावरचे उत्तर असे, की काळा पट्टा मिळाला की मुलीने कोणाला भिण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर मिश्र युद्धकलेचे सामने आवडीने पाहणाऱ्यांचे. कराटे, कुंग फू, लाठीकाठी ही सगळी कवायत आहे, रस्त्यावरच्या मारामारीत तिचा काडीचा उपयोग नाही, असे ते म्हणतात. दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही कलेचे नाव पाहून निकाल देतात, ती कला रोज संध्याकाळी कशी शिकवली जाते हे पाहत नाहीत. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आणि अलीकडचे संशोधन एकत्र ठेवले, तर या प्रकरणाचे म्हणणे स्पष्ट होते. कला जुनी की नवी, देशी की परदेशी, याने फारसा फरक पडत नाही. सरावात समोरचा माणूस मनापासून विरोध करतो की नाही, यावर तिची उपयुक्तता ठरते.

याचा सर्वांत जुना आणि नीट नोंदलेला पुरावा जपानमधला आहे. 1882 साली तोक्योमधल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढली. तो स्वतः जुजुत्सूच्या दोन जुन्या घराण्यांत शिकला होता. त्या काळातल्या बऱ्याच घराण्यांत विद्या ठरावीक जोडडावांतून दिली जाई. हल्ला करणारा ठरलेला हात उचलणार, बचाव करणारा ठरलेले उत्तर देणार, आणि दोघांनाही पुढे काय होणार हे आधीच ठाऊक असणार. यात डोळ्यांवरचे, गळ्यावरचे, मर्मस्थानांवरचे असे जीवघेणे प्रहार भरपूर असत. पण ते जीवघेणे असल्यामुळेच जोडीदारावर पूर्ण ताकदीने कधी करून पाहता येत नसत. कानोने विद्येची वाटणी केली. धोकादायक प्रहार त्याने ठरावीक डावांच्या सरावात ठेवले. फेकणे, दाबून धरणे, आवळणे यांसाठी मोकळ्या लढतीचा सराव नेमला, आणि त्यात दोघांनी एकमेकांना खरोखर हरवायचा प्रयत्न करायचा असे ठरवले. 1880च्या दशकात तोक्योच्या पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत कोदोकानच्या पठ्ठ्यांनी जुन्या घराण्यांच्या लोकांशी झालेल्या बहुतेक लढती जिंकल्या. मोकळ्या लढतीतून जहाल भाग वगळणारी शाळा जहाल विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांना भारी पडली. कारण उघड आहे. तिच्या विद्यार्थ्यांनी कमी डाव शिकले होते, पण प्रत्येक डाव विरोध करणाऱ्या माणसावर शेकडो वेळा लावून पाहिला होता.

हाच धागा पुढे लांबवर जातो. कोदोकानचा मल्ल माएदा मित्सुयो 1914 मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि त्याची विद्या ग्रेसी कुटुंबात रुजली. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वेगवेगळ्या कलांच्या आठ लढवय्यांची एकरात्रीची स्पर्धा झाली. चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे सोडले तर जवळजवळ सगळे चालत होते. एक मुष्टियोद्धा, लाथांचे तज्ज्ञ आणि एक सुमो पैलवान असलेल्या त्या मेळाव्यात सडपातळ रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले. उलट बाजूचे उदाहरण चीनमधले. 27 एप्रिल 2017 रोजी छंग्दू शहरात शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या प्रशिक्षकाने ताई चीचा गुरू म्हणवणाऱ्या वेई लेई याला वीस सेकंदांच्या आत खाली पाडले, आणि चीनभर गदारोळ झाला. एका झटापटीवरून एखाद्या कलेचा निकाल लावणे योग्य नाही. पण दोन्ही प्रसंग मिळून एक गोष्ट दाखवतात. ज्याला रोज कोणीतरी अडवते त्याला खरा विरोध नवा वाटत नाही. ज्याचे विद्यार्थी आदराने आपणहून पडतात, त्याला आपले सामर्थ्य किती आहे हे कळण्याची सोयच नसते.

महाराष्ट्राला हे जपानकडून शिकण्याची गरज नव्हती. कोल्हापूर, सांगली, पुणे इथल्या तालमींत हेच तत्त्व पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. तालमीतला नवा पोर ढाक किंवा धोबीपछाड वस्तादाकडून समजून घेतो, पण डाव तिथे संपत नाही. लगेच हौद्यातल्या तांबड्या मातीत जोड लावली जाते. समोरचा पठ्ठा डाव हाणून पाडतो, तोड काढतो, वर येतो. कोणता डाव आपल्या अंगाला जमतो आणि कोणता नुसता बघायला छान, हे महिन्याभरात कळते. या शिक्षणाची परीक्षा 1948 साली झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची सगळी तयारी मातीतली होती. मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम त्यांना नवे होते, तरी ते आपल्या वजनगटात सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जमीन बदलली, नियम बदलले, प्रतिस्पर्धी अनोळखी, तरीही कौशल्य टिकले. स्वसंरक्षणात नेमके हेच लागते, कारण हल्ला आपल्याला सोयीच्या जागी आणि सोयीच्या पद्धतीने होत नाही.

शस्त्रांच्या खेळांत मात्र आपल्याकडे उलटा प्रवास झालेला दिसतो. मर्दानी खेळांत लाठी, बोथाटी, दांडपट्टा, विटा यांच्याबरोबर फरीगदगा होता. एका हातात छोटी ढाल, दुसऱ्या हातात कातड्याने मढवलेली काठी, आणि समोर तशाच तयारीचा माणूस. काठी मढवलेली असल्याने वार खराच मारता येई आणि खराच अडवावा लागे. 1878च्या शस्त्रबंदी कायद्यानंतर सामान्य माणसाच्या हातातली शस्त्रे परवान्याखाली गेली, शस्त्रविद्येचा रोजचा उपयोग उरला नाही, आणि ती मुख्यतः आखाडे, उत्सव आणि मिरवणुकांच्या आधाराने जगली. मिरवणुकीला दिसायला देखणे तेच पुढे येते. शिवजयंतीला गरगर फिरणारी लाठी आणि बनेटी लोकांना खेचतात. फरीगदग्याची खटपटीची, अडखळणारी जोडी तितकी खेचत नाही. एकट्याने लाठी फिरवण्याने मनगट, खांदा, पायांची ठेवण आणि दम हे सगळे सुधारते, यात शंका नाही. पण अंतर राखणे, समोरच्याचा हेतू ओळखणे आणि चुकलेल्या वारातून सावरणे एकट्याने शिकता येत नाही. शाळांमधल्या कराटेचेही असेच झाले आहे. ओकिनावामध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको यांनी ही विद्या शाळकरी मुलांसाठी सोपी करून ओळीत उभे राहून करता येईल अशी बसवली. शरीरशिक्षण म्हणून तो मोठाच उपकार होता. आज अनेक वर्ग त्या ओळीतून बाहेर पडतच नाहीत, अडचण तिथे आहे.

विरोधाला इतके महत्त्व का, याची कारणे शरीरात आहेत. अचानक धोका समोर आला की ॲड्रेनॅलिन उसळते, हृदय जोरात धडधडते, नजर एकाच ठिकाणी खिळते, बोटांची नाजूक हालचाल बिघडते. मनगट दोन बोटांत अचूक पकडून पिरगाळण्याचा डाव अशा वेळी हमखास फसतो. ढकलणे, कोपर मारणे, वाकून निसटणे अशा ठोक हालचाली टिकतात. त्यात निर्णयाला वेळ लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ हिक यांनी 1952 मध्ये दाखवून दिले, की समोर पर्याय जितके अधिक, तितका प्रतिसाद उशिरा येतो. एका हल्ल्यावर चाळीस उत्तरे पाठ असणाऱ्याची पंचाईत इथेच होते. पैलवान मंडळींनी यावर उपाय केव्हाच शोधलेला आहे. प्रत्येक नामांकित मल्लाचे दोन-तीनच हुकमी डाव असतात आणि त्याची सारी लढत तिथे पोहोचण्याची असते. हुकमी डाव पाठांतराने तयार होत नाही. तो शंभर वेळा फसतो, आणि का फसला हे अंगाला कळत जाते, तेव्हा तयार होतो. घाबरलेल्या अवस्थेत श्वास सांभाळण्याची सवयही तिथेच लागते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. तालीम, डोजो, आखाडा हे सगळे धरून चालतात की हल्लेखोर अनोळखी आहे आणि तो समोरून येणार आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. घरात रोज होणाऱ्या मारहाणीवर लाथेचा अचूक फटका हा उपाय नाही. तिथे पैसा, माहेरचा आधार, कायदा आणि 181 वा 112 हे क्रमांक अधिक कामाचे. आक्षेप खरा आहे, पण त्यावरून शारीरिक शिक्षण निरुपयोगी ठरत नाही. ते कशाच्या जोडीने द्यावे एवढेच ठरते. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या 893 विद्यार्थिनींवर झालेला आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत महत्त्वाचा आहे. एका गटाला बारा तासांचे शिक्षण मिळाले. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, संकोच झुगारून नाही कसे म्हणायचे, ओरडायचे कसे, आणि मोजक्या शारीरिक प्रतिकाराचा सराव, असे त्याचे भाग होते. दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके मिळाली. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण पहिल्या गटात 5.2 टक्के आणि दुसऱ्या गटात 9.8 टक्के राहिले.

या आकड्यांवरून कोणी म्हणेल, की बारा तासांत एवढे साधत असेल तर वर्षानुवर्षे तालमीत घाम का गाळावा? उत्तर असे, की दोन्ही शिक्षणे वेगवेगळी कामे करतात. छोटा अभ्यासक्रम मनातली कवाडे उघडतो. आपल्याला विरोध करण्याचा हक्क आहे आणि तो करता येतो, हे तो शिकवतो. पण शरीराची सवय बारा तासांत मुरत नाही, आणि शिकलेले वापरात नसेल तर विरत जाते. दीर्घ सराव ती सवय टिकवतो. मात्र क्रम उलटा नको. धोका ओळखणे, अंतर ठेवणे, आवाज चढवणे आणि निघून जाणे हे आधी, डाव शेवटी. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण ही तीन महिन्यांची योजना आहे. अशा वर्गांत या पहिल्या चार गोष्टींना किती वेळ दिला जातो, यावर त्यांचे यश मोजले पाहिजे. शेवटच्या दिवशी किती कौले फोडली यावर ते मोजण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप वजनाचा. कुस्तीपासून मुष्टियुद्धापर्यंत सगळीकडे वजनगट आहेत. ताकदीचा फरक कौशल्याने पुसता आला असता तर ते करावे लागले नसते. पन्नास किलोची मुलगी नव्वद किलोच्या पुरुषाला चितपट करील, असे सांगणारा शिक्षक तिची फसवणूक करतो. पण तिला त्याला चितपट करायचेच नाही. ब्रिटनमध्ये 1913च्या सुमारास स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या संघटनेने आपल्या नेत्यांच्या रक्षणासाठी स्त्रियांचे एक पथक उभारले. त्यांना जुजुत्सू शिकवणाऱ्या एडिथ गॅरड जेमतेम चार फूट अकरा इंच उंच होत्या. पोलिसांना हरवणे हे त्या पथकाचे काम नव्हते. संघटनेच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना निसटायला थोडा वेळ मिळवून देणे, एवढेच होते. बचावाचे माप हेच असावे. पकड सोडवायला लागणारे तीन सेकंद आणि दारापर्यंत पोहोचायला लागणारे पाच सेकंद मिळाले, की विद्येने आपले काम केले. पकडीतून निसटणे, खाली पडल्यावर अंगावरून माणूस हटवून उभे राहणे हे वजनाच्या फरकातही काही प्रमाणात साधते, आणि ज्यूदो व कुस्तीत त्याचा सराव रोज होतो.

तिसरा आक्षेप शस्त्राचा आणि टोळक्याचा. इथे पारंपरिक कलांनी नम्र होणे भाग आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये मांडले, की चाकू घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात तयारीच्या पोलिसालाही पिस्तूल काढून झाडणे कठीण जाते. मग रिकाम्या हातांनी चाकू हिसकावून घेण्याच्या प्रात्यक्षिकांचे काय? जोडीदार एकदाच, ठरलेल्या दिशेने, सावकाश चाकू पुढे करतो आणि हात तसाच ठेवतो, तोपर्यंतच ते डाव चालतात. त्याच्या हातात रंगीत खडू द्यावा आणि मनाला येईल तसे वार करायला सांगावे. दोन मिनिटांनी बचाव करणाऱ्याचा सदरा पाहिला की वेगळे प्रवचन लागत नाही. चोर पाकीट मागत असेल तर ते देऊन टाकणे, आणि चाकू दिसला की पळणे किंवा मध्ये खुर्ची, दार, सायकल असे काहीतरी आणणे, हाच धडा उरतो. टोळक्यापुढेही तेच. ज्या वर्गात पळण्याचा सराव घेतात, तो वर्ग प्रामाणिक म्हणावा.

चौथा आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. असे शिक्षण माणसाला फाजील धीट किंवा भांडखोर बनवते, असे म्हटले जाते. फाजील धीटपणा येतो तो बहुधा विरोध नसलेल्या सरावातून. रोज कोणाकडून तरी हरणाऱ्याला आपल्या मर्यादा ठाऊक असतात. कायदाही हीच मर्यादा मागतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात. बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला किंवा मृत्यूची वाजवी भीती असेल तेव्हा तो हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. पण बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. खाली पडलेल्याला पुन्हा लाथ घालणारा बचाव करत नसतो. यात कुस्ती आणि ज्यूदोसारख्या पकडीच्या कलांचे पारडे जड होते. माणसाला फारशी इजा न करता दाबून धरण्याचा पर्याय त्यांच्या हाताशी असतो. ज्याला फक्त ठोसा येतो, त्याच्याकडे तो पर्याय नसतो.

एक फायदा मात्र कोणी जाहिरातीत छापत नाही, आणि आयुष्यभराचा हिशेब केला तर बहुधा तोच सर्वांत मोठा ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडून दगावतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2021 मध्ये खुनांना बळी पडलेल्यांची संख्या सुमारे 4 लाख 58 हजार होती. माणसाला माणसापेक्षा जमिनीचा धोका अधिक आहे. ज्यूदोच्या पहिल्याच आठवड्यात पडायचे कसे ते शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, हात ताठ टेकायचा नाही, अंग गोल करून लोळण घ्यायची. अशा पद्धतीने कुशीवर पडल्यास कमरेच्या हाडावर येणारा आघात पाव भागाहून अधिक कमी होतो, असे नेदरलँड्समधल्या संशोधकांना मोजणीत आढळले. ज्येष्ठांसाठी तिथे त्यावर आधारलेले वर्गही चालवले गेले. ज्या ताई चीची लढाईच्या आखाड्यात फजिती झाली, तिच्या सावकाश सरावाने म्हाताऱ्या माणसांचे पडणे कमी होते, हेही अनेक चाचण्यांतून दिसले आहे. स्वसंरक्षणाचा अर्थ थोडा रुंद घेतला, तर एकट्याने करायच्या संथ सरावालाही त्यात मानाची जागा आहे.

तेव्हा मुलीला किंवा मुलाला वर्गात घालण्याआधी एक संध्याकाळ बाजूला बसून तो वर्ग पाहा. भिंतीवरची प्रमाणपत्रे आणि पट्ट्यांचे रंग सोडून द्या. दोन विद्यार्थी एकमेकांना खरोखर अडवतात का, हरलेला हसून पुन्हा उभा राहतो का, पडायला शिकवतात का, ओरडायचा आणि निसटायचा सराव होतो का, कधी थांबायचे हे सांगतात का, एवढे तपासा. हे सगळे असेल तर ती तालीम असो, डोजो असो की गल्लीतल्या मंडळाचा आखाडा, पाल्याला बिनधास्त पाठवा. विरोध करणारा जोडीदारच नसेल, तर त्या वर्गाला व्यायाम म्हणून अवश्य जा, पण बचावासाठी दुसरा वर्ग शोधा.